आधी परतीचा विचार

भूमध्य समुद्राच्या सफरीला निघणाऱ्या मैत्रिणींना दोन शब्द सांगते. कार्यक्रमपत्रिकेत ‘रोम’ असते; पण जहाज लागते चिविटावेकिया बंदरात. तेथून रोम सुमारे ७० किलोमीटर! म्हणून परतीची वेळ आधी ठरवावी, मग काय पाहायचे ते. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज बहुधा थांबते. आपल्या आपण गेलेल्यांसाठी नाही. बंदरातील एजंटाचा फोन नंबर पर्समध्ये असावा.

सान्तोरिनीला होडीने किनारा गाठावा लागतो. वारा फार असला, तर कप्तान ते बंदर गाळतो. तेव्हा तेथील मोटारीचे पैसे आगाऊ भरताना, ‘जहाज आले नाही तर परत मिळतील ना?’ हे विचारून घ्यावे. बंदर हुकले की मन खट्टू होईलच. पण कप्तानावर रुसू नये. त्याला आपल्या जिवाची काळजी असते.