सम्राट, छत्रपती आणि वर्गाचे दार



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांचे आयुष्य वर्गात गेले. म्हणून राजसत्ता आणि धर्म यांचा वर्गाशी कसा संबंध येतो, याविषयी मी आज बोलणार आहे.

रोमन सम्राट ज्युलिअन याने इ. स. 361 ते 363 एवढाच काळ राज्य केले. त्याचा चुलता कॉन्स्टंटाइन याने 313 मध्ये ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली होती. ज्युलिअन त्याच संस्कारांत वाढला, पण पुढे जुन्या देवांकडे वळला. दरबारातील बांडगुळे त्याने दूर केली. ख्रिस्ती लोक इतरांच्याही गोरगरिबांना पोसतात हे पाहून, त्याने आपल्या पुरोहितांना नगरोनगरी धर्मशाळा उघडण्यास सांगितले. प्रतिपक्षाचा गुण घेण्याइतका तो मोठा होता. तरीही 362 मध्ये त्याने ख्रिस्ती शिक्षकांना होमर शिकवण्याची बंदी केली. जे देव तुम्ही मानत नाही, त्यांचे काव्य शिकवू नका, हा त्याचा युक्तिवाद. ख्रिस्ती नसलेल्या आणि सम्राटाविषयी आदर बाळगणाऱ्या अम्मिआनुस या इतिहासकारालाही ही आज्ञा निष्ठुर वाटली.

आता निपाणीशेजारच्या कागलकडे येऊ. तेथील घाटगे घराण्यातून कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेलेल्या शाहू महाराजांचाही धर्मसत्तेशी संघर्ष झाला. 1899 मध्ये पंचगंगेवर त्यांच्यासाठी वेदोक्त मंत्र नाकारले गेले. पुढे त्यांनी आर्य समाजाला आश्रय दिला, 1920 मध्ये क्षात्रजगद्गुरूंचे पीठ स्थापले. येथवर दोघांची वाट एकच भासते. परंतु ज्यांना अधिकार नाकारला गेला, त्या महाराजांनी शिक्षणाचे दार अधिक रुंद केले. 1901 पासून मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य अशा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहिली. 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले. पीठाची मातब्बरी ओसरली. वसतिगृहांतून शिकलेली घराणी मात्र आजही साक्ष देतात.

मित्रहो, जन्माने हिंदू असून मी अनेक वर्षे फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ शिकवले. एका इंग्रज धर्मोपदेशकाने रचलेला आणि 1616 मध्ये गोमंतकात छापला गेलेला हा मराठी ग्रंथ. ज्युलिअनचा न्याय लावला असता, तर त्यांनी मराठीत लिहायला नको होते आणि मी ते शिकवायला नको होते. आपण सीमाभागातील माणसे. आपल्या भाषेसाठी झगडताना आपल्याकडूनही हा न्याय नकळत लागू शकतो. शेजारच्या बाकावरील कानडी मुलाला तुकोबा आवडला, तर त्याला तो मोकळेपणाने शिकू द्यावा आणि पुढे शिकवूही द्यावा. गुरुजींचे खरे स्मारक तेच होय.