पदावधीची नोंद

अमुक पुढाऱ्याने अमुक पद केव्हापासून केव्हापर्यंत भूषविले, हा प्रश्न वरकरणी शाळेतल्या सनावळीसारखा सोपा वाटतो. २०१२ साली सुरू झालेल्या ‘विकिडेटा’ या सामुदायिक माहितीकोशात जगभरचे स्वयंसेवक अशा असंख्य नोंदी करीत असतात. तेथे चरित्रग्रंथाप्रमाणे परिच्छेद नसतात. व्यक्ती, पद, प्रारंभ, शेवट, पूर्वीचा पदाधिकारी, नंतरचा पदाधिकारी अशी घरे असतात आणि त्यांवरून यंत्र उत्तरे देते. चरित्रकाराला एखादे ‘तथापि’ घालून सावरून घेता येते; यंत्राला ‘तथापि’ उमगत नाही.

गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांचेच उदाहरण घ्यावे. ते १९६३ च्या डिसेंबरात अधिकारावर आले आणि १२ ऑगस्ट १९७३ रोजी मुख्यमंत्री असतानाच निवर्तले. तेव्हा ‘१९६३ ते १९७३’ अशी एकच ओळ लिहिण्याचा मोह होतो. पण त्या ओळीत गोमंतकाच्या इतिहासातील सर्वांत कसोटीचे महिने बुडून जातात. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित राहावा, याचा कौल जनतेकडून घ्यावयाचा होता. बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष विलीनीकरणाचा पुरस्कर्ता. त्याचेच मंत्रिमंडळ असताना कौल निःपक्ष कसा होणार, असा आक्षेप निघाला. १९६६ च्या डिसेंबरात मंत्रिमंडळ पायउतार झाले व राष्ट्रपतींची राजवट आली. १६ जानेवारी १९६७ रोजी कौल विलीनीकरणाविरुद्ध गेला. आणि गंमत अशी, की लगेच मार्चमध्ये झालेल्या निवडणुकीत मतदारांनी विलीनीकरणवादी पक्षालाच पुन्हा बहुमत दिले! एप्रिलात बांदोडकर परतले.

म्हणून येथे ओळी दोन हव्यात, प्रत्येकीला स्वतःचा प्रारंभ व स्वतःचा शेवट. काही उत्साही मंडळी पहिल्या ओळीत ‘नंतरचा पदाधिकारी’ म्हणून बांदोडकरांचेच नाव घालतात. मधल्या महिन्यांत मुख्यमंत्रीच नव्हता, ही गोष्ट त्यामुळे पुसली जाते.

याच्या उलट प्रकार यशवंतराव चव्हाणांचा. १९५६ पासून १९६२ पर्यंत त्यांच्या मुख्यमंत्रिपदात खंड नाही. तरीही ओळी दोनच. ३० एप्रिल १९६० पर्यंत ते द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते, १ मे पासून महाराष्ट्राचे. माणूस तोच राहिला, पद बदलले. गोव्यातही ३० मे १९८७ रोजी घटकराज्य झाले तेव्हा प्रतापसिंह राणे दोन्ही बाजूंस मुख्यमंत्री होते. पण आदल्या दिवशीचे पद गोवा, दमण व दीव यांचे होते. हंगामी कारभाऱ्याची नोंदही स्वतंत्रच हवी. नेहरू २७ मे १९६४ रोजी निवर्तले आणि ९ जूनला शास्त्रींनी सूत्रे घेतली. मधल्या दिवसांतील गुलझारीलाल नंदांपुढे ‘हंगामी’ हा शब्द नसेल तर पंतप्रधानांची गणतीच चुकेल.

दिनांकांच्या बाबतीत सर्वांत मोठा घात अतिनेमकेपणाने होतो. एखाद्या मंत्र्याविषयी केवळ ‘१९५२’ एवढेच ठाऊक असता ‘१ जानेवारी १९५२’ लिहिणे म्हणजे न झालेला शपथविधी घडवून आणणे होय. कोशात नुसते वर्ष नोंदविण्याची सोय आहे; तिचाच उपयोग करावा. शेवटाचे घर रिकामे सोडले तर यंत्र त्या गृहस्थास अद्याप पदावरच समजू शकते, मग ते निवर्तून पन्नास वर्षे का होईनात. शेवट झाला पण दिनांक कळत नाही, असे सांगणारी वेगळी खूण कोशात आहे.

प्रत्येक ओळीस आधार जोडावा लागतो. राजपत्र मिळाले तर उत्तम. एरवी जुन्या दैनिकांच्या फायली. मात्र सायंकाळी झालेल्या शपथविधीची बातमी दुसऱ्या दिवशीच्या अंकात येते. अंकाच्या माथ्यावरचा दिनांक उचलून घरात भरणाऱ्याच्या हातून सबंध मंत्रिमंडळ एक दिवस उशिरा अधिकारावर येते.