लोहाराचे आडनाव



कुलकर्णी म्हटले की दप्तर आठवते, लोहार म्हटले की भाता. आज आम्ही आपल्यापुढे ठेवणार आहोत ते आडनाव लोहाराचेच, पण दूरच्या आयर्लंडमधले : मॅकगोवन.

आयरिश भाषेतले त्याचे रूप 'मॅक गावन'. 'मॅक' म्हणजे मुलगा, 'गावन' म्हणजे लोहाराचा. त्या समाजात लोहाराला मोठा मान. जुन्या कथांत तर लोहारकाम करणारा एक देवच आहे. या आडनावात नातेही बोलते. मुलगी असेल तर ती 'निक गावन', सून असेल तर 'विक गावन'. नाव ऐकताच कळावे की ही घरात जन्मलेली की लग्न होऊन आलेली.

इ. स. १४६५ मध्ये इंग्रजांच्या अमलाखालील आयर्लंडच्या पार्लमेंटने कायदा केला. डब्लिन, मीथ, लाऊथ आणि किल्डेर या चार परगण्यांतील आयरिश माणसांनी इंग्रजी आडनावे घ्यावीत; गावाचे घ्या, रंगाचे घ्या, नाहीतर धंद्याचे घ्या! धंद्याच्या आडनावांत कायद्यानेच दिलेले एक उदाहरण होते 'स्मिथ', म्हणजे लोहार. पुढे सतराव्या शतकात इंग्रजी सत्ता सबंध बेटावर पसरली, कचेऱ्यांतून इंग्रजी आली, आणि कॅव्हन परगण्यातले कितीतरी मॅकगोवन स्मिथ झाले.

कोणी म्हणेल, यात बिघडले काय? अर्थ तर तोच राहिला! श्रोतेहो, अर्थ राहिला, पण ओळख गेली. इंग्लंडहून येऊन वसलेलाही स्मिथच, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच मातीत राबलेलाही स्मिथच. आज कॅव्हनमधल्या एखाद्या स्मिथला आपला पूर्वज यांतला कोणता, हे नुसत्या आडनावावरून सांगता येत नाही. मुलगी आणि सून यांतला तो नाजूक भेदही पुसला गेला.

१८९३ साली गेलिक लीगची स्थापना झाली, भाषेचा अभिमान जागा झाला, आणि अनेकांनी टाकून दिलेले 'ओ' आणि 'मॅक' पुन्हा नावामागे लावले. आयरिश आडनावांचे थोर अभ्यासक एडवर्ड मॅकलायसॅट हेही जन्माने नुसते लायसॅटच; 'मॅक' त्यांनी मागाहून जोडला.

सत्ता बदलली की नावे बदलतात, हे जगाने पुष्कळदा पाहिले आहे. पण गेलेले नाव परत आणायचे, तर ते बोलणारी भाषा आधी घरात जिवंत राहावी लागते.