बेल वाजते, पण आत ऐकू येते का?

(रौप्यमहोत्सवी मेळाव्यात एका सभासदाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला सांगण्यात आलं की विजेबद्दल काहीतरी बोला, पण दहा मिनिटांत आटपा. म्हणून विषय घेतलाय दाराच्या बेलचा. बिल्डिंगला पंचवीस वर्षं झाली. घरोघरी रंगकाम, फरशी, वायरिंग चालू आहे, आणि जिन्यात भेटणारा जो तो विचारतो, "काका, जुनीच बेल ठेवू की वायरलेस लावू?" आज सगळ्यांना एकदम उत्तर देतो.

आधी आपली जुनी बेल. दाबलं की 'टिंग', सोडलं की 'टाँग'. आत तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि त्यात एक लोखंडी दांडी. वीज आली की दांडी खेचली जाऊन एका पट्टीवर आपटते, वीज गेली की स्प्रिंगने मागे येऊन दुसऱ्या पट्टीवर. बिघडायला त्यात आहे काय? बंद पडलीच तर बहुतेक वेळा बाहेरचं बटण गेलेलं असतं, बेल नव्हे. त्यामुळे वायर शाबूत असेल तर आधी बटण बदलून बघा. उगाच नवीन काही आणू नका.

मात्र एक लक्षात ठेवा. आपल्याकडे त्या बटणापर्यंत घरातली 230 व्होल्टचीच वीज आलेली असते. अमेरिकेत ट्रान्सफॉर्मर लावून ती आधी 16-24 व्होल्टपर्यंत खाली आणतात. म्हणून तिकडचे व्हिडिओ बघून इथे बटण उघडायला जाऊ नका. आणि मुलाने तिकडून आणलेली कॅमेऱ्याची बेल थेट आपल्या तारांना जोडू नका, जळून जाईल. आपले पॅसेज एका बाजूने उघडे. पावसाची झड आत येते आणि चीर गेलेल्या बटणात पाणी शिरतं. त्या बटणाला हात कोण लावतं? दूधवाला, पेपरवाला, शाळेतून आलेलं पोर. तडकलेलं बटण त्याच आठवड्यात बदला, तेही मेन स्विच बंद करून, वायरमनकडून.

आता वायरलेस. भिंत फोडायची नाही, पट्टी ठोकायची नाही, ही तिची खरी सोय. बटणात बॅटरी असते, ते रेडिओ लहरी सोडतं आणि आत प्लगला लावलेला डबा वाजतो. खोक्यावर मीटरचे मोठमोठे आकडे छापलेले असतात, पण ते मोकळ्या मैदानातले. आपल्या घरात सळ्यांचं काँक्रीट, वर लोखंडी सेफ्टी डोअर. म्हणून बटण चिकटवण्याआधी दोन्ही दारं लावून एकाने बाहेर दाबावं, दुसऱ्याने बाथरूममध्ये नळ सोडून ऐकावं. ऐकू आलं तरच चिकटवा. शेजारच्यांची बेल दाबली की आपली वाजते, असंही कधी कधी होतं. तेव्हा माहितीपत्रक बघून बटणाची जोडणी पुन्हा करायची, म्हणजे प्रश्न सुटतो. संपलेली बॅटरी बदलताना जुनी टेबलावर ठेवू नका. नाण्यासारखी चपटी बॅटरी लहान मुलाने गिळली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. तसं झालं तर घरगुती उपायात वेळ न घालवता तडक हॉस्पिटल गाठायचं.

पण वायरलेसचं खरं दुखणं वेगळंच आहे. बॅटरी संपली की घरातल्या माणसाला ते कळतच नाही. आपण स्वतःची बेल कधी दाबतो? आमच्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात. हॉलमधली बेल त्यांना मागच्या खोलीत ऐकू येईना, म्हणून मुलाने जुनी काढून वायरलेस लावून दिली. वर्षभर छान चाललं. मग दोन दिवस डबा देणाऱ्या ताई बेल दाबून दाबून परत गेल्या. आजी आत जाग्याच होत्या. त्यांना वाटलं, आजही डबा आला नाही. दोन दिवस चहा-बिस्किटांवर काढले, आणि कोणाला त्रास नको म्हणून बोलल्या नाहीत.

म्हणून माझं मत सांगतो. वायर असेल तर ती बेल ठेवा आणि वायरलेस तिच्या जोडीला लावा, तिच्या जागी नाही. वायरलेसचा डबा मागच्या खोलीत, पलंगाजवळ. कमी ऐकू येत असेल तर लाइट चमकवणारे डबेही मिळतात. लाइट गेली की वायरची बेल गप्प, प्लगवरचा डबाही गप्प, म्हणून दाराची कडी काढून टाकू नका. दर महिन्याला मेंटेनन्स भरता ना, त्याच दिवशी बाहेर जाऊन आपलीच बेल एकदा दाबा. कॅमेऱ्याच्या बेलबद्दल एवढंच म्हणेन, की तिचं तोंड समोरच्यांच्या दाराकडे असेल तर आधी त्यांना विचारा.

वायरलेसचा मला सगळ्यात आवडलेला उपयोग तर दाराशी नाहीच. आजींकडे आम्ही जुनी वायरची बेल परत बसवली आणि वायरलेसचं बटण त्यांच्या उशाशी लावलं. डबा मात्र आमच्या घरात, आमच्या बेडरूममध्ये. मध्ये एकच भिंत, त्यामुळे नीट वाजतो. रात्री चक्कर आली तर फोन शोधायचा नाही, नंबर लावायचा नाही, नुसतं दाबायचं. पहिल्या आठवड्यात आजींनी दोनदा दाबलं. एकदा चुकून आणि एकदा, चालतंय का ते बघायला, पहाटे पाच वाजता!

आपल्या सोसायटीत एकटे राहणारे ज्येष्ठ आता बरेच आहेत. त्यांच्यापैकी कोणाला असं बटण लावून हवं असेल, आणि शेजारचं घर डबा ठेवून घ्यायला तयार असेल, तर मला सांगा. रविवारी सकाळी मी मोकळा असतो. ड्रिलसुद्धा लागत नाही.