विकत घेतले, पण मालक कोण?

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाचा भाव, वीज, पीक विमा हे सगळे सोडून हा माणूस आज मोबाइल फोनवर काय बोलायला उभा राहिला, असे तुमच्यातल्या काहींना वाटेल. मागच्या रांगेत दोघातिघांनी तंबाखूची चंची काढलेली मला दिसते आहे. काढा. पण कान इकडे ठेवा, कारण विषय फोनपासून सुरू होतो आणि ट्रॅक्टरपर्यंत जातो.

एका खरिपातली गोष्ट सांगतो. आमच्या भागातला एक तरुण पोरगा. पाच एकर कोरडवाहू. तीन एकर पऱ्हाटी, दोन एकरात ज्वारी आणि तुरीच्या ओळी. ई-पीक पाहणीची मुदत संपायला दोन दिवस राहिले होते. संध्याकाळी तो माझ्या दारात आला आणि हातातला फोन माझ्यापुढे धरला. पडद्यावर एकच सूचना. हप्ता थकला आहे, भरा. दुसरे काही उघडत नव्हते. फोन त्याने तालुक्याच्या गावातून हप्त्याने घेतला होता. सात हप्ते वेळेवर गेले. आठवा बँकेतून कटायचा त्या दिवशी खात्यात पैसे नव्हते. झाले. कंपनीने लांबूनच फोनला कुलूप घातले.

मी काय केले? जे शहरातला कुणीही शहाणा माणूस करतो तेच केले. त्यालाच बोललो. "हप्ता कशाला चुकवला? करार वाचला होतास का?" पोरगा गप्प राहिला. मग म्हणाला, "भाऊ, ते जाऊ द्या. एवढं सांगा, हा फोन माहा हाय का त्याइचा?"

मला उत्तर देता आले नाही. कृषीची पदवी घेतलेला माणूस मी, वीस वर्षे तुमच्यापुढे उभा राहून बोलतो आहे, आणि मला उत्तर देता आले नाही. त्याचे सिम काढून शेजाऱ्याच्या फोनात घातले, दुसऱ्या दिवशी तिघे मिळून वावरात गेलो, उभ्या पिकाचा फोटो काढला आणि नोंद झाली. तो वाचला. शेजारी परगावी गेलेला असता तर सातबारा कोरा राहिला असता.

आता याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि पेऱ्याची नोंद तलाठ्याच्या वहीतून आपल्या फोनात आली. २०२५ च्या हंगामात सीसीआयला हमीभावाने कापूस द्यायचा तर 'कपास किसान' ॲपवर आधी नोंदणी करावी लागली. म्हणजे फोन ही आता पोरांच्या करमणुकीची चीज राहिलेली नाही. वखर, तिफण, फवारणीचा पंप, तसा फोनही शेतीच्या अवजारात जमा झाला आहे. आणि ज्या अवजाराची किल्ली दुसऱ्याच्या खिशात आहे, असे अवजार आपल्या बापजाद्यांनी कधी वापरले होते का?

सावकाराचा मी कधी कैवार घेतलेला नाही. पण कर्ज थकले तर बैल सोडून न्यायला सावकाराला दारात यावे लागत असे. चार माणसे बघत असत, कुणीतरी मध्ये पडत असे, म्हातारी रडत असे. बँकेला ट्रॅक्टर ओढून न्यायचा तर आधी नोटीस द्यावी लागते. इथे कुणी येत नाही. कुठल्या शहरात, कोणत्या खोलीत बसून कुणी बटण दाबले ते कळत नाही. अशी कुलपे लावावीत का, याची चर्चा थेट रिझर्व्ह बँकेपर्यंत गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये गव्हर्नरांनी हा विषय तपासून पाहत आहोत, दोन्ही बाजू आहेत, असे सांगितले. दोन्ही बाजू आहेत हे मलाही मान्य आहे. कुलूप आहे म्हणूनच गरिबाला बिनतारण फोन मिळतो, असे कंपनीवाले म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. पण थकलेल्या रकमेसाठी त्या माणसाचा सातबारा, त्याची विक्रीची नोंदणी, दवाखान्यात लावायचा फोन, सगळे एका फटक्यात बंद करायचे, हा कुठला हिशेब?

तुम्ही म्हणाल, तो हप्त्याचा फोन होता. आम्ही रोखीने घेऊ. घ्या. पण गोष्ट तिथे संपत नाही.

नोकिया ११०० हा फोन तुम्हाला आठवत असेल. २००३ मध्ये आला. त्याला बॅटरी होती, टॉर्च म्हणून. रात्रीच्या लाइनीवर ओलित करताना किती जणांनी त्या उजेडात दांड फोडला असेल! तो बंद पडला की आपण काय करत होतो? पाठ काढायची, आतली बॅटरी काढायची, फुंकर मारायची, परत बसवायची. चालू. बॅटरी मेली तर बाजारात दुसरी मिळे. आज हातातल्या फोनची पाठ काढून दाखवा. चिकटवलेली आहे. ॲपल या सगळ्यात महाग फोन विकणाऱ्या कंपनीने डिसेंबर २०१७ मध्ये कबूल केले की बॅटरी जुनी झालेले फोन ती आतल्या आत हळू चालवत होती. कारण दिले की फोन अचानक बंद पडू नये म्हणून. मालकाला मात्र सांगितले नव्हते. लोकांना वाटले फोनच म्हातारा झाला, नवा घ्यावा. बॅटरी बदलली की तोच फोन पुन्हा पळत होता. अमेरिकेत खटले झाले, २०२० मध्ये कंपनीने ५० कोटी डॉलरपर्यंत रक्कम देऊन तडजोड केली.

हा सगळ्या उद्योगाचाच नवा रिवाज होत चालला आहे. वस्तू एकदा विकायची आणि तिच्यावरचा ताबा मात्र सोडायचा नाही. २००९ मध्ये ॲमेझॉनने लोकांनी पैसे देऊन घेतलेली काही पुस्तके त्यांच्या यंत्रातून रातोरात पुसून टाकली. पैसे परत दिले, पण पुस्तक गेले. दुकानदार रात्री घरात शिरून फडताळातले पुस्तक घेऊन गेला आणि उंबऱ्यावर नोटा ठेवून गेला, असा तो प्रकार. २०२२ मध्ये बीएमडब्ल्यू या मोटार कंपनीने काही देशांत सीट गरम करण्यासाठी महिना १८ डॉलर मागितले. गरम करणारी तार सीटमध्ये आधीच बसवलेली, पैसे भरले की चालू, नाही भरले की बंद. लोक इतके चिडले की पुढच्या वर्षी कंपनीने तो नाद सोडला. आपल्याकडे वैशाखात सीट फुकटच गरम होते, म्हणून हसू नका. तत्त्व तेच आहे.

आता ट्रॅक्टरकडे येतो. विद्यापीठात आम्हाला इंजिन उघडून परत जोडायला लावत. माझ्या गटाने जोडले तेव्हा तीन नट उरले होते आणि तरी ते चालू झाले, हे आजही मला कळलेले नाही. तेव्हाच्या इंजिनात लोखंड होते, तेल होते. आज अमेरिकेतल्या जॉन डियरच्या मोठ्या ट्रॅक्टरात जागोजागी संगणक बसलेले आहेत. एखादी छोटी वस्तू, समजा तापमान मोजणारा सेन्सर, बिघडली की संगणक इंजिनाचा जोर कमी करतो किंवा ट्रॅक्टर थांबवतो. शेतकऱ्याने तीच वस्तू बाजारातून आणून बसवली, अगदी बरोबर बसवली, तरी काही वेळा संगणक तिला ओळखत नाही. ओळख पटवून द्यायला लागणारे सॉफ्टवेअर कंपनीच्या विक्रेत्याकडे. त्याचा माणूस येईपर्यंत यंत्र वावरात उभे. मका, सोयाबीन काढणीला आलेले, वर आभाळ भरलेले. हा ताण काय असतो हे कापूस फुटलेला असताना अवकाळी पाऊस बघितलेल्या माणसाला मी काय सांगावे?

अमेरिकेत १९९८ मध्ये एक कायदा झाला. सिनेमे, गाणी यांची चोरी होऊ नये म्हणून केलेला. सॉफ्टवेअरचे कुलूप तोडणे हा त्याने गुन्हा ठरवला. सिनेमासाठी केलेला कायदा ट्रॅक्टरच्या कामी आला. २०१५ मध्ये सरकारदरबारी ही चर्चा चालू असताना डियर कंपनीने लेखी म्हणणे दिले की ट्रॅक्टर घेणाऱ्याला त्यातल्या सॉफ्टवेअरची मालकी मिळत नाही, वाहन टिकेल तोवर ते चालवण्याचा परवाना तेवढा मिळतो. ऐकलेत? लाखो डॉलर मोजून शेतकऱ्याने काय घेतले, तर परवाना. त्या वर्षी ट्रॅक्टरदुरुस्तीपुरती त्या कायद्यातून सूट मिळाली, पण अवजार कंपनीच्याच हातात राहिले. तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनी काय केले असेल? युक्रेनमधून चोरीचे सॉफ्टवेअर आणून आपलेच ट्रॅक्टर उघडायला सुरुवात केली. २०१७ मध्ये हे वर्तमानपत्रांत आले. हजार-दोन हजार एकरांचे धनी ते, आपल्याच ट्रॅक्टरचे चोर झाले.

आणखी एक ऐका. २०२२ च्या वसंतात रशियन सैनिकांनी युक्रेनच्या मेलिटोपोल शहरातल्या विक्रेत्याकडून सुमारे ५० लाख डॉलरची डियरची यंत्रे पळवली आणि सातशे मैलांवर चेचन्यात नेली. तिथे चालू करायला गेले तर चालूच होईनात. लांबून कुलूप घातले होते. जगभर लोकांनी टाळ्या वाजवल्या. चोराची फजिती झाली, मीही खूश झालो. मग रात्री झोप येईना. सातशे मैलांवरून चोराचे यंत्र बंद करता येते, तर साहूचे करता येणार नाही असे थोडेच आहे!

कंपनीचेही एक म्हणणे आहे. सगळ्यांना आत हात घालू दिला तर लोक धुराची यंत्रणा काढून टाकतील, इंजिनाचा जोर वाढवून अपघात करतील. काही लोक करतातही. पण त्यासाठी धूर मोजणारा कायदा आहे. कुणीतरी सुरीने खून करतो म्हणून सगळ्यांच्या घरातली विळी कारखानदाराने ताब्यात ठेवायची, हे काही पटत नाही.

तिथले शेतकरी गप्प बसले नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये त्यांच्या मोठ्या शेतकरी महासंघाशी कंपनीला दुरुस्तीबाबत समझोता करावा लागला. एप्रिल २०२३ मध्ये कोलोराडो राज्याने शेती यंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, तो जानेवारी २०२४ पासून लागू झाला. आणि जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने दोन राज्यांना बरोबर घेऊन डियरवर खटला भरला. युरोपने २०२३ मध्ये नियम केला की फेब्रुवारी २०२७ पासून फोनसारख्या उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता यावी. काही अपवाद ठेवलेत, पण दिशा तीच. म्हणजे नोकियाची पाठ परत यायची आहे!

आपल्याकडे काय? सीसीआय म्हटले की तुम्हाला कापूस आठवतो आणि तोंड कडू होते. पण दुसरी एक सीसीआय आहे, स्पर्धा आयोग. तिने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. का? तर सुटे भाग आणि दुरुस्तीची साधने त्या बाहेरच्या मिस्त्रींना खुल्या बाजारात मिळू देत नव्हत्या. दंडाच्या रकमेवर पुढे अपिले झाली, पण मुद्दा मान्य झाला. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने जी क्षेत्रे निवडली त्यात मोबाइल आणि मोटारींच्या जोडीला शेतीची अवजारे होती. डिसेंबर २०२२ मध्ये एक पोर्टल निघाले. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. कंपनीने माहिती टाकली तर तिथे दिसते, कंपनी अडवू लागली तर पोर्टल काय करणार?

आपल्या वावरातले ट्रॅक्टर अजून बहुतेक उघडता येतात. गावचा मिस्त्री उघडतो. फवारणीच्या पंपाची बॅटरी तालुक्याचा पोरगा बदलून देतो. पण दार ठोठावले गेले आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने पंधरा हजार महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन देण्याची योजना मंजूर केली. चांगली आहे. मी ड्रोनच्या विरोधात नाही, कुठल्याच यंत्राच्या नाही. पाठीवर पंप घेऊन विष अंगावर घेणाऱ्या माणसाला ड्रोन मिळाला तर त्याचे स्वागत. समोर बसलेल्या बायांना मी एवढेच म्हणतो, की घेण्याआधी विचारा: पंख तुटला तर कुठे मिळेल? दुसऱ्या कंपनीची बॅटरी चालेल का? सॉफ्टवेअर किती वर्षे चालू ठेवणार आणि त्याचे पैसे वेगळे का? सप्टेंबरात बोंडअळी वर आलेली असताना ड्रोन पुण्याला दुरुस्तीला गेला, तर अनुदान काय कामाचे?

हेच प्रश्न फोनच्या दुकानात विचारा, ट्रॅक्टरच्या दुकानात विचारा. दुकानदार तोंडाने "सब चलेगा" म्हणेल. त्याला म्हणा, बिलाच्या मागे लिहून दे आणि सही कर. बहुतेक जण लिहून देणार नाहीत. त्यावरूनही आपल्याला कळेल.

एक काम मात्र आजच सांगून ठेवतो. ज्यांनी ज्यांनी हप्त्याने फोन, टीव्ही किंवा कुठले यंत्र घेतले आहे, त्यांनी करारनामा शोधून ठेवावा. कागद नसेल, फोनातच असेल, तर पोराकडून छापून घ्यावा. तालुक्याच्या पुढच्या बैठकीला तो घेऊन या. इंग्रजीत असेल, बारीक अक्षरात असेल, हरकत नाही. मी भिंग घेऊन येतो. कुलूप लावायचा अधिकार कोणत्या कलमात लिहून घेतला आहे, लावण्याआधी किती दिवसांची सूचना द्यायची आहे, आणि सूचना द्यायचीच नसेल तर तसे कुठे लिहिले आहे, हे आपण एकेक करून मराठीत उतरवू आणि ग्राहक खात्याला पाठवू. त्या पोराचा करारनामा माझ्याकडे आला आहे. अकरा पाने आहेत. सुरुवात त्याच्यापासून करू.