पहिल्या गोळीआधी एक स्वॅब

प्रयोगशाळांतून, गुप्तरोग विभागांतून, सुरक्षा क्लिनिकमधून आलेल्या डॉक्टर, तंत्रज्ञ व समुपदेशक मित्रांनो,

घराघरांत दबक्या आवाजातही न निघणारे विषय र. धों. कर्वे यांनी १९२७पासून याच मुंबईतून ‘समाजस्वास्थ्य’मध्ये छापले. तो मोकळेपणा आजही हवा आहे. परमा झालेला माणूस लाजेपोटी आधी औषधाच्या दुकानात जातो, मिळतील त्या गोळ्या घेतो आणि फार उशिरा आपल्याकडे येतो. अनेक स्त्रियांना तर लक्षणंच नसतात.

परम्याच्या जंतूने, म्हणजे गोनोकोकसने, एकेक औषध पचवलं आहे. सल्फा गेलं, पेनिसिलीन गेलं, सिप्रोफ्लॉक्सॅसिन गेलं. आता भिस्त सेफ्ट्रिॲक्सोनवर आहे, आणि त्यालाही दाद न देणारा जंतू २००९ मध्ये जपानमधल्या क्योटोत सापडला, तोही घशात. घशात त्याचे निरुपद्रवी भाऊबंद वस्तीला असतात. त्यांच्याकडून तो प्रतिकाराची जनुकं उचलतो. घशातल्या संसर्गाचा त्रास सहसा जाणवत नाही, म्हणून तिथला स्वॅब कोणी घेत नाही. मला सर्वांत मोठी काळजी याच जागेची वाटते.

आपल्याकडे लक्षणांवरून उपचार होतात. मूत्रमार्गातून स्राव असेल तर करड्या रंगाचा किट: ॲझिथ्रोमायसिन १ ग्रॅम, सेफिक्सिम ४०० मिलिग्रॅम. ही पद्धत योग्यच आहे. तिच्यामुळे रुग्णाला त्याच भेटीत औषध मिळतं. पण जंतू वाढवून पाहिलाच नाही, तर औषध कधी निकामी झालं हे कळणार कसं? प्रतिकाराचं प्रमाण ५ टक्क्यांवर गेलं की ते औषध सरसकट देणं थांबवावं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे. कल्चरच नसेल तर ती टक्केवारी येणार कुठून?

गोनोकोकस नाजूक आहे. स्वॅब सुकला की मरतो. त्याला चॉकलेट अगार लागतं, कार्बन डायऑक्साइड लागतो. मोठी यंत्रणा नसेल तर बरणीत मेणबत्ती लावून झाकण घट्ट बसवलं, तरी काम भागतं. खरी अडचण ओपीडी आणि प्रयोगशाळा यांच्यामधल्या अंतराची आहे.

म्हणून या दोन दिवसांच्या परिषदेत माझी एकच विनंती आहे. आपापल्या केंद्रात कोणत्या रुग्णांचा स्वॅब पहिल्या गोळीआधी घ्यायचा आणि तो प्लेटवर कोण लावणार, हे ठरवूनच इथून परत जा.