मागचे आवाज



आज मी तुम्हाला काही पोरांच्या गाण्याबद्दल सांगणार आहे. पोरंच म्हणायची ती, सोळा-सतरा-अठरा वर्षांची. १९५०च्या आगेमागे न्यूयॉर्क, शिकागो, बाल्टिमोर, लॉस एंजलिस अशा अमेरिकी शहरांतल्या काळ्या लोकांच्या वस्त्यांमध्ये ही पोरं चौघं-पाच जणं जमून गात असत. वाद्यं घ्यायला पैसे नसत, मग गळ्यालाच सगळी कामं सांगायची. आज या गाण्याला जग डू-वॉप म्हणतं. त्या दिवसांत मात्र हे नाव रूढ नव्हतं. गाण्याचा बहर ओसरत आल्यावर ते चिकटलं, आणि तेही साथीदारांच्या तोंडी असलेल्या बिनअर्थाच्या अक्षरांवरून. मुख्य गायक गात असे त्या शब्दांवरून नाही. मला हे योग्यच वाटतं, कारण या गाण्याचा जीव मागच्या आवाजांत आहे.

आपल्या कानाला एक वळण पडलेलं असतं. मुख्य गायकाचा सूर धरायचा, बाकी सगळी साथ. डू-वॉप ऐकताना हेच वळण आड येतं. मी पहिल्यांदा ही गाणी ऐकली तेव्हा चाल साधी वाटली, शब्द त्याहून साधे, आणि पाचवं गाणं चौथ्यासारखंच. मग एकदा मुख्य गायकाला सोडून दिलं आणि सगळ्यात खालच्या आवाजाच्या मागे गेले कान. तेव्हा कळलं की मी आजवर घर न बघता नुसतं दार बघत होते.

पोवाडा ऐकणाऱ्यांना झीलकरी माहीत आहेत. शाहिरानं ओळ सोडली की ते सूर उचलून धरतात, आणि शाहिराला पुढच्या कडव्यासाठी दम मिळतो. डू-वॉपमधले साथीदारही असे झील धरणारेच. फरक एवढाच की आपले झीलकरी सहसा एकाच सुरावर येतात, आणि इथे प्रत्येकाचा सूर वेगळा असतो. चार वेगळे सूर एकाच क्षणी लागतात आणि त्यातून पाचवीच काहीतरी वस्तू तयार होते. गोव्यात ज्यांनी मांडो दोन आवाजांत ऐकला आहे, त्यांच्या कानाला ही गोष्ट परकी नाही.

आता ही मांडणी कशी असते ते बघू. सगळ्यात खाली खर्जातला गायक, म्हणजे बास. मध्ये बॅरिटोन आणि दुसरा टेनर. वर पहिला टेनर, आणि कधीकधी त्याच्याही वर गळा बारीक करून काढलेला तार सप्तकातला आवाज, त्याला फॉल्सेटो म्हणतात. या सगळ्यांच्या पुढे मुख्य गायक. कितीतरी गाण्यांत खर्जातल्या माणसाची वाट एकच असते, आणि ती आपल्या सरगमीत सहज सांगता येते. तो सा वरून निघतो, खाली मंद्र ध वर उतरतो, तिथून मंद्र म वर, मग प वर चढतो आणि परत सा गाठतो. सा, ध, म, प. बस. पेटी असेल तर हे चार सूर एकेका बोटानं वाजवून बघा. प वर आलात की सा साठी जीव ओढतो. ती ओढ हेच त्या गाण्यांचं इंजिन आहे. दर चौथ्या पावलाला घराकडे वळायचं आणि उंबरठ्यावरून पुन्हा निघायचं.

बिनअर्थाच्या अक्षरांबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. तराणा ऐकणाऱ्या माणसानं या अक्षरांना हसू नये. ती उगाच आलेली नाहीत. ब आणि ड ही व्यंजनं ओठ आणि जीभ मारून सुटतात, म्हणून खर्जातला गायक ती घेतो. त्याला मोठ्या तंतुवाद्याची तार छेडल्याचा ठोका हवा असतो. ऊ म्हणताना ओठ गोल होतात, प्रत्येकाच्या गळ्याची धार बोथट होते आणि तीन आवाज एकमेकांत विरघळतात. आ म्हटलं की तेच तीन आवाज उघडतात. म्हणून गाण्यातल्या हळव्या ओळीमागे ऊ असतो आणि जिथे उसळी घ्यायची तिथे आ येतो. क्लीव्हलंडमधून पुढे आलेल्या मूनग्लोज या ग्रुपनं तर माइकवर हलकी फुंकर सोडत ऊ म्हणायची पद्धत काढली. १९५४चं त्यांचं ‘सिन्सिअरली’ ऐकलंत तर सुरांच्या भोवती श्वासाची वाफ असल्यासारखी वाटते.

तालीम कुठे? जिन्यात, भुयारी रेल्वेच्या बोळात, शाळेच्या टाइल लावलेल्या स्वच्छतागृहात. जिथे भिंत आवाज परत देईल तिथे. चार पोरांचा आवाज तिथे आठ जणांचा वाटे. आणि भिंत फसवतही नाही. एकाचा सूर हलला की ती तेही तितक्याच मोठ्यानं सांगते.

आता एक रेकॉर्ड जवळून बघू. फेब्रुवारी १९५६, कनेटिकट राज्यातलं न्यू हेवन शहर, सेंट बर्नाडेट नावाच्या चर्चचं तळघर. फ्रेड पॅरिस नावाचा तरुण सैन्यात होता, फिलाडेल्फियाला. रात्रीच्या पहाऱ्यावर असताना त्यानं एक गाणं बांधलं होतं, ‘इन द स्टिल ऑफ द नाइट’. ग्रुपचं नाव फाइव्ह सॅटिन्स, पण त्या दिवशी गाणारे होते चौघंच. तळघराची सोय झाली ती सॅक्सोफोन वाजवणाऱ्या व्हिनी मझेटामुळे. ते त्याच्याच चर्चचं होतं. स्टुडिओ नाही, रुबाब नाही. रेकॉर्डवर पियानो एका ठोक्याचे तीन तुकडे करत चालतो, टुक-टुक-टुक, टुक-टुक-टुक, आणि मागचे तिघं एकच अक्षरमाळ पुन्हा पुन्हा फिरवतात. त्यात तळघराची बंद हवा ऐकू येते. मला तीच आवडते. चकचकीत स्टुडिओत हे गाणं इतकं जवळ आलं नसतं. खर्जाची वाट इथे तीच, सा-ध-म-प. कान तयार करायला याहून चांगला धडा नाही.

हे गाणं आधी रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला होतं. पुढे ते देशाच्या पॉप यादीत चोविसाव्या क्रमांकापर्यंत चढलं. तेव्हा फ्रेड पॅरिस सैन्यातर्फे जपानमध्ये होता. चोविसावा क्रमांक म्हणजे काही मोठा पराक्रम नव्हे. पण पुढे न्यूयॉर्कच्या रेडिओवर श्रोते जुन्या आवडत्या गाण्यांना मतं देत, तेव्हा हे गाणं वर्षामागून वर्ष पहिलं येत राहिलं.

दुसरी रेकॉर्ड शिकागोची. फ्लेमिंगोज या ग्रुपचं १९५३चं ‘गोल्डन टिअरड्रॉप्स’. या ग्रुपमधली पोरं काळ्या ज्यूंच्या एका प्रार्थनासभेच्या गायकवृंदात तयार झाली होती. बाकीच्या ग्रुपांचं गाणं चर्चमधून आलं, यांच्या गाण्यात आणखी एक छटा आहे, काळोखी आणि घट्ट. पुढे १९५९ मध्ये त्यांचं ‘आय ओन्ली हॅव आइज फॉर यू’ जगभर गाजलं. ते सुंदरच आहे, पण मला विचाराल तर त्यांचं खरं काम या आधीच्या रेकॉर्डवर आहे. इथे साथीचे आवाज मुख्य गायकाच्या मागे उभे राहत नाहीत, त्याच्या अंगावरून, बाजूनं, डोक्यावरून वाहतात. एक जण ओळ संपवत असतो तेव्हा दुसऱ्याची सुरू झालेली असते. हे गाणं एकदा ऐकून सोडू नका.

न्यूयॉर्कच्या हार्पटोन्सना देशपातळीवर म्हणावं तसं यश कधी मिळालं नाही, तरी या गाण्याचे जाणकार विली विनफिल्डचा आवाज आणि राउल सीटाची मांडणी यांना फार वर ठेवतात. ‘अ संडे काइंड ऑफ लव्ह’ ऐका, कारण कळेल. ब्राँक्समधल्या शँटेल्स या पाच मुली. कॅथलिक शाळेत त्या जुनी लॅटिन प्रार्थनागीतं गायला शिकल्या होत्या. त्यांच्या ‘मेबी’ या गाण्यात आर्लिन स्मिथ ज्या तयारीनं वरचा सूर लावते, ती तयारी तिथली आहे.

या पोरांच्या वाट्याला काय आलं तेही सांगायला हवं, नाहीतर ऐकणं अर्धवट राहील. ब्राँक्सच्याच कॉर्ड्सनी १९५४ मध्ये ‘श-बूम’ गायलं, स्वतः बांधलेलं. त्याच वर्षी क्रू-कट्स या गोऱ्या गायकांच्या ग्रुपनं तेच गाणं गुळगुळीत करून गायलं आणि ते पहिल्या क्रमांकावर गेलं. लॉस एंजलिसच्या पेंग्विन्सचं ‘अर्थ एंजल’ एका गॅरेजमध्ये रेकॉर्ड झालं, आणि त्यावरही याच क्रू-कट्सनी आपली आवृत्ती काढली. ‘सिन्सिअरली’चं तेच झालं. मूळ रेकॉर्ड आणि नक्कल एकामागोमाग एक ऐकल्या तर अन्याय कानाला कळतो. नकलेत सूर बरोबर आहेत, पण जिना नाही, भिंत नाही.

आणि ज्यांची नक्कलही कोणी केली नाही, त्यांचं काय? न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या जमेका वस्तीत फाइव्ह शार्प्स नावाचा ग्रुप होता. १९५२ मध्ये जुबिली कंपनीनं त्यांची एक रेकॉर्ड काढली, ‘स्टॉर्मी वेदर’. गाणं १९३३चं, हॅरोल्ड आर्लनच्या चालीचं, सगळ्यांना ठाऊक असलेलं. या पोरांनी ते इतक्या संथ लयीत घेतलं की प्रत्येक सूर तुटेल असं वाटतं. सुरुवातीला ढगांचा गडगडाट आणि पाऊस. रेकॉर्ड विकली गेली नाही. ग्रुप मोडला.

नऊएक वर्षांनी न्यूयॉर्कच्या बेचाळिसाव्या रस्त्याच्या भुयारी स्टेशनात अर्विंग रोझ यांचं जुन्या रेकॉर्ड्सचं दुकान होतं. तिथे एका संग्राहकानं ही ७८ फेऱ्यांची तबकडी आणली. ती दुकानात असताना फुटली. दुकानातल्या पाळीव रॅकूनमुळे, असं संग्राहक सांगत आले आहेत. रोझनी दुसऱ्या प्रतीसाठी बक्षीस लावलं. प्रत मिळेना. १९६४ मध्ये जुबिलीनं त्याच नावाखाली वेगळ्याच गायकांकडून तेच गाणं पुन्हा गाऊन घेतलं. सत्तरच्या दशकात एक तडा गेलेली प्रत सापडली, मग आणखी एक चांगली. ती १९७७ मध्ये ३,८६६ डॉलरला विकली गेली. 

किंमत मला महत्त्वाची वाटत नाही. महत्त्वाचं हे की त्या तडा गेलेल्या तबकडीवरून गाणं पुन्हा छापलं गेलं, आणि म्हणून ते आज कोणालाही ऐकता येतं. त्यातला एक आवाज क्लॅरन्स बॅसेट याचा आहे. हाच बॅसेट १९६१ मध्ये शेप अँड द लाइमलाइट्स या ग्रुपमध्ये होता. त्यांचं ‘डॅडीज होम’ देशाच्या यादीत दुसरं आलं. लाखो लोकांनी त्याचा आवाज ऐकला, आणि तिथेही तो मागेच उभा होता.

तर श्रोतेहो, आज रात्री फोनवर ही गाणी शोधा. आधी ‘इन द स्टिल ऑफ द नाइट’ लावा आणि त्यात फक्त खर्ज धरा. दुसऱ्यांदा तेच लावून मधल्या दोघांना शोधा. मग ‘गोल्डन टिअरड्रॉप्स’. ‘स्टॉर्मी वेदर’ शेवटी लावा, दिवा बारीक करून. तबकडी खरखरते, पाऊस पडतो, पियानो सुरू होतो. मुख्य गायक आला की त्याला जाऊ द्या, आणि मागे उभ्या असलेल्या पोरांकडे कान द्या.